अश्रद्ध सेवक : गोपाळ गणेश आगरकर

कुंभकोणमपासून सुमारे वीस किलोमीटरवर, वेट्टारु नदीच्या काठी, तिरुक्करुगावूर नावाचे एक लहानसे गाव आहे. बायबल भाषांतराच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाला नावांची फोड करण्याची खोड जडते. ती मलाही आहे. तमिळमध्ये ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे, ‘ऊर’ म्हणजे गाव, आणि आरंभीचा ‘तिरु’ हा आपल्या ‘श्री’सारखा. गर्भाची राखण करणारे गाव, असा एकूण अर्थ होतो. येथील प्राचीन शिवमंदिरात गर्भरक्षांबिका देवी आहे. मूल व्हावे म्हणून येथे तुपाचा प्रसाद देतात, आणि बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून गर्भवतीच्या पोटाला लावावयास एरंडेल देतात. हा सारा तंजावरचा मुलूख एके काळी भोसल्यांच्या राज्यात होता. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचावयास मिळतो. त्यामुळे मराठी माणसाला येथे अगदीच परके वाटत नाही.

भाषांतराच्या एका बैठकीनिमित्त मी कुंभकोणमला गेलो असता एक तमिळ पाळकबंधू मला हे गाव दाखविण्यास घेऊन गेले. देवळाबाहेर तरुण बायका, त्यांच्या सासवा आणि संकोचलेले नवरे रांगेत उभे होते. आम्ही दोघे त्या श्रद्धेचे भागीदार नव्हतो, पण त्या चेहऱ्यांवरची काळजी आम्हांला समजत होती. तेथेच त्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचे आजोबा ख्रिस्ती होते, तरी जातीमुळे त्यांना उपासनेत वेगळे बसावे लागे. गावातला रस्ता त्यांना मोकळा व्हावा म्हणून जे झगडले, त्यांत पेरियार रामस्वामींचे अनुयायी होते, म्हणजे देवच नाही असे सांगत फिरणारे लोक. ज्यांनी देवाचे नाव घेतले त्यांनी आजोबांना मागे बसविले, आणि ज्यांनी ते नाकारले त्यांनी हात दिला. मग देव त्या वेळी कोणाच्या हातून काम करीत होता, असे ते विचारीत होते.

मला उत्तर सुचले नाही. आठवला तो आमच्याकडचा एक माणूस, आणि त्याची हकिगत मी त्यांना सांगू लागलो. तीच येथे ‘आपल्या’ वाचकांसाठी थोडी सविस्तर देत आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती. कऱ्हाडास थोडे शिक्षण झाल्यावर त्यांना मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी लागली. पुढे शिकावयाचे म्हणून ते पायी रत्नागिरीस गेले. तेथे निभाव लागला नाही म्हणून परतले, आणि काही दिवस दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. अखेर अकोल्यास नातेवाइकांच्या आश्रयाने राहून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता. तो रात्री धुवावा आणि सकाळी पुन्हा अंगात घालावा, असा क्रम असे. एम. ए. होण्याच्या सुमारास त्यांनी आईला जे पत्र लिहिले ते महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. मुलगा शिकला, आता मोठी नोकरी लागेल आणि दैन्य फिटेल, या आशेवर बसलेल्या त्या माउलीला त्यांनी आधीच कळविले की, आपण पैशाच्या मागे जाणार नाही, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालविणार आहोत.

हे पत्र वाचताना मला नेहमी वाटते की, आपल्याकडे एखाद्या मिशनऱ्याच्या चरित्रात हाच प्रसंग आला असता, तर आपण त्याला पाचारण म्हटले असते. आगरकरांच्या बाबतीत पाचारण करणारा कोणी आहे, हेच त्यांना मान्य नव्हते. मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ वाचून त्यांचे मत असे बनले होते की, ईश्वर आहे की नाही हे मनुष्याच्या बुद्धीला कळण्याजोगे नाही, आणि नीतीने वागण्यासाठी ते कळण्याची गरजही नाही. या मताला अज्ञेयवाद म्हणतात. पुण्याच्या लोकांनी एवढा सूक्ष्म भेद केला नाही. त्यांनी आगरकरांना नास्तिक म्हटले.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले होते, त्यात आगरकर लवकरच सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी लिहिल्याबद्दल झालेल्या खटल्यात टिळक व आगरकर यांना १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने त्यांनी केलेले भाषांतर मी आमच्या धंद्यातील कुतूहलाने चाळले आहे. त्यांचे ‘वाक्यमीमांसा’ हे मराठी वाक्यरचनेवरील पुस्तक मात्र मी चाळून थांबलो नाही. कर्ता कोठे आणि क्रियापद कोठे याचा घोळ झाला की अजूनही ते काढून बसतो. पवित्र शास्त्राची मराठी वाक्ये नीट बसविण्यासाठी एका अज्ञेयवाद्याचे साहाय्य घ्यावे लागते, ही गोष्ट विनोदाची वाटो वा न वाटो, खरी आहे.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. पण मित्रांत अंतर पडू लागले होते. आधी राजकीय हक्क की आधी समाजाची सुधारणा, हा वाद होता. परक्या सरकारने कायदा करून आपल्या चालीरीतींत हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे होते; ज्या चालीने लहान मुलीचा जीव जातो ती थांबविण्यास कायदा लागला तर तो करावा, असे आगरकरांचे. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला, आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी स्वतःचे ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत.

‘सुधारक’मधील आगरकरांच्या निबंधांत काय नव्हते? बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलामुलींना एकत्र व सारखे शिक्षण, श्राद्धपक्ष, शिमगा, फार काय, स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही यावरही त्यांनी लिहिले. पण त्या साऱ्यांच्या मुळाशी एक चित्र होते. आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिचे लग्न झालेले, नवरा मेलेला, डोक्यावरचे केस न्हाव्याने उतरविलेले, आणि हे सारे देवाची इच्छा व शास्त्राची आज्ञा म्हणून. आगरकरांचा नकार कोणत्या देवाला होता हे पाहावयाचे असेल, तर या मुलीच्या शेजारी उभे राहून पाहावे लागते. तेथून जो देव दिसत होता, त्याला आपणही नाकारलाच असता. रोमी साम्राज्यात आरंभीच्या ख्रिस्ती लोकांवर नास्तिक असल्याचाच आरोप होता, कारण नगराच्या देवांना ते मान देत नसत. स्मुर्ण्याचा वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्याविरुद्ध लोकांनी हीच आरोळी ठोकली होती. खोट्या देवाला नाही म्हणणे हे काम आपल्याच पूर्वजांनी प्रथम केले होते, हे आपण विसरतो.

तिरुक्करुगावूरच्या त्या रांगेपाशी मला आठवला तो विशेषेकरून १८९१ सालचा संमतिवयाचा कायदा. त्यापूर्वी मुलीच्या शरीरसंबंधाची कायदेशीर वयोमर्यादा दहा वर्षांची होती. ती बारा करावी एवढीच मागणी होती. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण एवढ्याशा मागणीने देश ढवळून निघाला. धर्म बुडाला, अशी ओरड झाली. आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. ज्या गर्भाच्या रक्षणासाठी बायका नवस करतात, तो वाढविणारे शरीरच अजून पोराचे आहे, हे त्यांना दिसत होते, आणि त्यासाठी त्यांच्यापाशी नवस नव्हता, लेखणी होती. देवळातील त्या सासवांची आणि आगरकरांची काळजी मुळात एकच होती, असे मला त्या दिवशी वाटून गेले.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आपल्या घरावरून आपलीच तिरडी जाताना पाहिलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गावर शिकविण्यास गेला असेल, या कल्पनेने मी अनेकदा थबकलो आहे. दम्याने ते आधीच पोखरलेले होते. घरात पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या व श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतांच्या आड ते आले नाहीत. दुसऱ्याच्या मनावर बळजोरी करावयाची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच्या उंबऱ्याच्या आतही पाळला. अविश्वास म्हटला की त्यात असा संयम असतोच असे नव्हे. विसाव्या शतकात ज्या राजवटींनी नास्तिकता सक्तीची केली, त्यांनी चर्चना कुलुपे घातली आणि उपासकांना छळछावण्यांत धाडले. तेव्हा अविश्वासाचीच आरती ओवाळण्याचे मला कारण नाही. मी एका माणसाविषयी लिहीत आहे.

त्याच पुण्यात त्याच विधवांसाठी दुसऱ्या वाटेने पंडिता रमाबाई आल्या. त्यांचे शारदासदन १८८९ साली मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास आले. रमाबाईंचे बालपण आईवडिलांबरोबर दक्षिणेतील तीर्थांमागून तीर्थे पायी तुडविण्यात गेले होते. दुष्काळात आईवडील गेले, आणि देवदेवतांवरचा त्यांचा विश्वास त्या वाटेवरच गळून पडला. ख्रिस्ताची ओळख त्यानंतर कित्येक वर्षांनी झाली. मधली ती रिकामी वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल? नांगरलेल्या शेतात काही काळ काहीच उगवलेले दिसत नाही. आगरकर त्या नांगरलेल्या शेतातच राहिले. त्यांना आत ओढून, अखेरीस ते मनातून आपलेच होते, असे म्हणण्याचा मोह आपल्यापैकी काहींना होतो. तो आवरला पाहिजे. मेलेल्या माणसाचा बाप्तिस्मा आपण करीत नाही.

यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायाचे काम चालू असताना आमच्या समितीची एक अख्खी दुपार एका शब्दावर गेली. पारसाचा राजा कोरेश याला परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो. मूळ इब्री शब्द तोच आहे ज्यावरून मशीहा हे नाव आले, आणि तो राजा तर परमेश्वराला ओळखतही नाही, असे तोच अध्याय दोनदा सांगतो. मूर्तिपूजक राजासाठी एखादा सौम्य शब्द वापरावा, वाचकांचा गोंधळ टळेल, अशी सूचना आली. शेवटी शब्द तसाच राहिला. देवाने जे नाव दिले ते कमी करण्याचा अधिकार भाषांतरकारांना नाही, हे सर्वांना पटले. कोरेशाने बंदिवान सोडले. ते कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याला मरेपर्यंत कळले नसावे.

१८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांना तीनच वर्षे मिळाली. मार्च १८९३ मध्ये कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी शारदासदनात शिकलेल्या एका विधवेशी विवाह केला. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या घरातून निघालेली मुलगी अशा रीतीने आगरकरांच्या सहकाऱ्याच्या घरी आली. पुढे १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पण तो पाहावयास आगरकर नव्हते. १८९५ च्या फेब्रुवारीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला, आणि त्याच वर्षी १७ जून रोजी, वयाची चाळिशीही न गाठता, आगरकर वारले. टिळक (लोकमान्य) त्यांना शेवटच्या आजारात भेटून गेले होते. मृत्युलेख लिहिताना त्यांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. आणखी एक गोष्ट सांगतात. आगरकरांच्या उशाशी एक पुडी सापडली. आपल्या अंत्यविधीचा भार दुसऱ्या कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे त्यात बांधून ठेवले होते.

येथपर्यंतची हकिगत मी त्या पाळकबंधूंना कुंभकोणमला परतताना बसमध्ये, अर्धी इंग्रजीत आणि अर्धी हातवारे करून सांगितली. बाजूला हिरवी भातखाचरे मागे पडत होती. बसमध्ये देवळातून परतणाऱ्या दोन बायका होत्या, एकीच्या हातात प्रसादाच्या तुपाची बाटली होती. पुडीच्या गोष्टीनंतर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्या मूळ प्रश्नाकडे आम्ही पुन्हा वळलो नाही. मग त्यांनी एवढेच विचारले की, पुडीत पैसे किती होते.

चितेच्या लाकडांपुरते, असे मी सांगितले.