खेळातून बालके घडविणाऱ्या अनुताई वाघ

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा विचार करताना पद्मश्री अनुताई वाघ यांचे नाव आदराने घ्यावे लागते. दि. १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि अवघ्या सहा महिन्यांत वैधव्य! त्या काळी अशा मुलीचे आयुष्य बहुधा स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातच सरत असे. अनुताईंनी मात्र शिक्षणाची वाट धरली. १९२९ मध्ये पुण्यातून त्यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण पूर्ण केले. काही वर्षे नाशिक जिल्ह्यात शिकवून त्या पुण्यास परतल्या व हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. दिवसा शिकविणे आणि रात्रशाळेत शिकणे असा क्रम ठेवून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक उत्तीर्ण झाल्या.

१९४५ मध्ये त्यांना ताराबाई मोडक भेटल्या आणि पुण्यातील शिक्षकी मागे ठेवून अनुताई बोर्डीस गेल्या. तत्कालीन ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील हे समुद्रकाठचे गाव. मादाम मॉन्टेसरींच्या पद्धतीत मूल खेळातून शिकते, हे ताराबाई जाणून होत्या. पण तिची लाकडी साधने महाग. खेड्यातील बालवाडीस तो खर्च झेपणारा नव्हता. मग खडे, शिंपले, चिंचोके, पाने, काड्या, माती हीच साधने झाली. हिशेबी माणसासही मान तुकवावी लागेल अशी ही काटकसर होती, आणि तिच्यात शिक्षणाचे काही उणे झाले नाही. लहानमोठे शिंपले क्रमाने मांडताना मुलाची नजर तयार होते, चिंचोके मोजताना अंक कळतो, फुले ओवताना लेखणी धरण्यासाठी बोटे वळतात. शिंपला चुकीच्या जागी पडला तर ते मुलालाच दिसते. गुरुजींच्या छडीची गरज उरत नाही. स्वतः चूक सुधारलेले मूल पुढच्या खेळास धिटाईने हात घालते.

वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आधी मुलांची आंघोळ, वेणीफणी. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणवाडीचा उगम हा असा आहे.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांची अडचण निराळी होती. मोठी मुले गुरांमागे, धाकट्यांच्या कडेवर भावंडे. परक्या माणसाची भीती तर सर्वांनाच. त्यांना अपराधी न ठरविता अनुताईंनी शाळेचीच रीत बदलली. भावंडांसाठी पाळणाघर निघाले, गुराख्यांसाठी चराईच्या रानातच कुरणशाळा भरू लागली. ज्या रानातील दगडपाने मुलांच्या रोजच्या ओळखीची, त्यांच्याच आधारे धडे सुरू झाल्याने शाळेचा परकेपणा गळाला. पोट रिकामे असलेल्या घरातील मुलास शाळेत टिकविणे किती कठीण, हे शहरात बसून कळणे अवघड आहे.

या धावपळीतही वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या बी.ए. झाल्या. १९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्यावर संस्थेचा सारा भार अनुताईंनी वाहिला. १९७५ मध्ये केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दि. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन ज्यांच्या वाचनात आले नसेल त्यांनी ते अवश्य मिळवावे.