वृक्षांचा सखा : जॉन कॉन्स्टेबल

झाड काढावयाचें म्हटलें कीं, आपण एक बुंधा व त्यावर हिरवा गोळा काढून मोकळे होतों. झाडाकडे पाहण्याची तसदी क्वचितच घेतों. म्हणूनच ज्यानें सारें आयुष्य झाडें व आकाश पाहण्यांत वेंचिलें, त्या चित्रकाराचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉन कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ रोजीं इंग्लंडांतील सफोक परगण्यांत ईस्ट बर्गहोल्ट या गांवीं झाला. बाप धान्याचा व्यापारी व गिरण्यांचा मालक. मुलानें धंदा सांभाळावा, ही त्याची इच्छा. आणि जॉननें कांहीं काळ तो सांभाळलाही. पवनचक्की चालविणाऱ्यास वारा व ढग ओळखावेच लागतात. ही विद्या पुढें त्याच्या कामीं आली. १७९९ सालीं तो लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेंत दाखल झाला.

मराया बिकनेल हिच्यावर त्याचें प्रेम होतें. परंतु निर्धन चित्रकारास नात देण्यास तिचे आजोबा राजी नव्हते. सात वर्षें वाट पाहून १८१६ सालीं त्यांनीं विवाह केला. तिच्या नाजूक प्रकृतीसाठीं १८१९ पासून तीं उभयतां लंडनजवळील हॅम्पस्टेड येथें जाऊन राहूं लागलीं. तेथील माळावर त्यानें ढगांचीं कितीतरी चित्रें काढलीं व त्यांच्या मागें तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेविली. एल्म वृक्षाचा एक जुना, खरबरीत बुंधा व त्यावरील ऊन एवढाच विषय घेऊन त्यानें एक चित्र रंगविलें.

त्याचें 'हे वेन' हें चित्र १८२१ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत विकलें गेलें नाहीं. त्याच चित्राला १८२४ सालीं पॅरिस येथें सुवर्णपदक मिळालें! परंतु १८२८ सालीं मराया सात मुलें मागें ठेवून क्षयानें वारली. अकॅडमीनें त्याला पूर्ण सभासद केलें तें १८२९ सालीं, त्याच्या बावन्नाव्या वर्षीं. सन्मान आला, पण त्याचा आनंद मानणारें माणूस घरांत उरलें नव्हतें.

१८३६ सालीं हॅम्पस्टेडच्या व्याख्यानांत त्यानें एका अॅश वृक्षाची कथा सांगितली. त्या देखण्या वृक्षाचें चित्र त्यानें पूर्वीं काढिलें होतें. पुढें भिकाऱ्यांना धाक घालणारी एक पाटी कोणीं त्यावर लांब खिळे मारून ठोकली. शेंड्याच्या फांद्या वाळल्या, मग सारें झाड वाळलें, आणि शेवटीं पाटी टिकेल एवढाच बुंधा ठेवून तें तोडण्यांत आलें. त्या अपमानानेंच वृक्षाचें हृदय भंगलें, असें त्याला वाटे.

३१ मार्च १८३७ रोजीं त्याला मृत्यु आला. हॅम्पस्टेडच्या स्मशानभूमींत तो पत्नीजवळच विसावा घेत आहे. त्याचा आवडता माळ १८७१ च्या कायद्यानें लोकांसाठीं राखून ठेवण्यांत आला, आणि आज भोंवतीं महानगर पसरलें असतांही तेथें वृक्ष उभे आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळेच्या पटांगणांतही एखादा जुना वृक्ष असेल. त्यावर खिळा ठोकण्यापूर्वीं, त्याच्या पानांतून ऊन कसें उतरतें, हें आपण सर्वांनीं एकदां पाहूं या.