अहिल्याबाईंच्या राज्यातील वाटा

देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव निघाले की आम्हांस काशीचे मंदिर व महेश्वरचे घाट आठवतात. वाटसरूंच्या जीविताची त्यांनी घेतलेली काळजी मात्र क्वचितच आठवते. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीस पडले. १७६६ त सासरे मल्हारराव, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव गेले. अशा स्थितीत बाईंनी माळव्याचा कारभार हाती घेतला.

डोंगरवाटांवर काही भिल्ल टोळ्यांच्या लुटीचे भय होते. बाईंनी प्रथम सामोपचार केला. तो निष्फळ ठरताच कडक शासन केले, काही म्होरक्यांस देहान्त शिक्षाही झाली. परंतु त्या दंडावरच थांबल्या नाहीत, आणि आम्हांस त्यांचे खरे मोठेपण येथेच दिसते. डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्पसा कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क, ज्यास भिल्लकवडी म्हणत, तो त्यांनी मान्य केला. पडीक जमिनी कसावयास लावल्या आणि प्रत्येक नायकास हद्द नेमून दिली. त्या हद्दीत चोरी झाल्यास जबाब नायकाने द्यावयाचा. लुटीचे भय जेथून येई, तेथेच रक्षणाची जबाबदारी सोपविली गेली!

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाई महेश्वरी निवर्तल्या. पुढे काही वर्षांतच माळव्यात पेंढाऱ्यांचा धुमाकूळ सुरू झाला.