रेव्हरंड टिळक : देवळात टाळ-चिपळ्या नेणारा कवी

टिळकवाडीत राहणाऱ्या आपल्याला टिळक म्हटले की लोकमान्य आठवतात. आज ओळख करून द्यायची आहे ती दुसऱ्या टिळकांची, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची. शाळेत त्यांच्या फुला-मुलांच्या कविता आपण वाचल्या. पण मराठी ख्रिस्ती उपासनेचे गाणे त्यांनी कसे बदलले, हे फारसे सांगितले जात नाही.

त्यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी कोकणात करजगाव येथे, चित्पावन घराण्यात झाला. शिक्षण नाशिकला, संस्कृतचा व्यासंग दांडगा, स्वभाव मात्र विलक्षण भटका. 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घरानेही मोजली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या आणि 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांच्या घरी नसतील त्यांनी जरूर मिळवावीत.

नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत तेव्हा बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतरित होती आणि चालीही परदेशी. इंग्रजी चालीचा आघात एका जागी, मराठी शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ भलत्याच जागी, त्यामुळे भाव पोचण्याआधीच शब्द मोडे. शिवाय खेड्यातला नवख्रिस्ती लहानपणापासून ओवी आणि अभंग ऐकून मोठा झालेला. त्याला हे गाणे परके वाटे. नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला.

त्यांनी ख्रिस्तावर अभंग, पदे, भजने रचली. अभंगाचे सामर्थ्य असे की एकाने चरण म्हणावा आणि सर्वांनी धरावा. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा दोन फेऱ्यांत गाऊ लागते. टाळ, चिपळ्या, पेटी, तबला हीच त्याची साथ. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात बायबलमधले आख्यान असा जुनाच साचा. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती.

हा केवळ चालींचा प्रश्न नव्हता, असे मला वाटते. धर्म बदलला म्हणजे भाषा, सूर आणि देशही सोडायचा का, हा खरा पेच होता. टिळकांचे उत्तर ठाम नकाराचे होते. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागातून त्यांनी ते लेखणीनेही दिले. 1917 मध्ये तर मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात सामावणार होते. उतारवयात, प्रकृती ढासळलेली असताना असे पाऊल टाकणे सोपे नव्हते.

दरबार फार चालला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळक गेले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीता’त मात्र टिळकांची कितीतरी गीते आहेत आणि रविवारी ती अजूनही पेटी-तबल्यावर गायली जातात.