स्वाक्षरी आणि राजीनामा

जळगाव, अमळनेर किंवा शिरपूरच्या बाजारात कापसाची गाडी विकून घरी परतणाऱ्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ज्या अर्थसत्तेची ओळख होती, ती सावकाराच्या ओसरीवर वसत असे. पेरणीला तोच, लग्नाला तोच आणि दुष्काळालाही तोच. हा अनुभव केवळ खानदेशचा नव्हता. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली नेमलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीने देशभरची खेडी धुंडाळून १९५४ अखेर जो अहवाल दिला, त्यात असे आढळले की, शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांकडून येत; सहकारी संस्था व सरकार यांच्याकडून प्रत्येकी तीन रुपयांच्या आसपास, आणि व्यापारी बँकांकडून एक रुपयाही पुरता नाही. गोरवाला समितीच्या या अहवालाचा आधार घेऊन इंपीरियल बँक सरकारी नियंत्रणाखाली आणली गेली, १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली, आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर कायद्यानेच घालण्यात आले. त्या वेळी भारताचे अर्थमंत्रिपद चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्याकडे होते.

देशमुख राजकारणातून अर्थकारणात आले नाहीत. त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. वडील रोह्यास वकिली करीत. १९१२ साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. ज्या मनुष्याने पुढे देशाचे चलन सांभाळले, त्याचा पदवीचा विषय अर्थशास्त्र नव्हता, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना जरा नवलाची वाटेल. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही ते पहिले आले.

नेमणूक झाली ती मध्यप्रांत व वऱ्हाडात. भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी मलकापूरला पोचली की खानदेश मागे पडतो व वऱ्हाड सुरू होतो. त्या काळी तेथे मुंबई इलाखा संपून निराळे सरकार सुरू होत असे. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला इकडे कलेक्टर म्हणत, तर तिकडे डेप्युटी कमिशनर. देशमुखांनी उपसचिव, डेप्युटी कमिशनर आणि बंदोबस्त अधिकारी अशी कामे केली. जमिनीचा बंदोबस्त म्हणजे नुसता सारा ठरविणे नव्हे. कोणाच्या शेतात किती पिकते, त्यातले त्याच्या घरात किती उरते आणि सरकारने त्यातले किती घ्यावे, याचा हिशेब गावोगाव हिंडून करावा लागतो. सार्वजनिक अर्थव्यवहाराचे शिक्षण याहून चांगले क्वचितच मिळत असेल. पुढे ते प्रांताचे महसूल सचिव व अर्थसचिव झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले. केंद्र आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी व्हावी हे ठरविण्यासाठी १९३६ साली सर ऑटो निमेयर आले, तेव्हा मध्यप्रांताची बाजू मांडणारे निवेदन देशमुखांनी तयार केले होते. राज्यांना केंद्राकडून काय मिळावे हा वाद पुढेही कधी मिटला नाही.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४१ अखेर डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे फेब्रुवारी १९४३ मध्ये निधन झाले, आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुखांची त्या पदावर नेमणूक झाली. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. भारतीय नोटांवर गव्हर्नर म्हणून भारतीय माणसाची सही आली ती त्यांच्यापासून. या घटनेचा अभिमान सर्वांना वाटला व तो रास्तही होता. तथापि ती सही कोणत्या काळात आणि कोणत्या नोटांवर पडली, हेही विसरून चालणार नाही.

युद्धाच्या आरंभी देशात सुमारे १८० कोटींच्या नोटा खेळत होत्या. युद्ध संपले तेव्हा तो आकडा १,२०० कोटींच्या घरात गेला. ब्रिटनला लढाईसाठी लागणारे कापड, धान्य, चामडे, पोलाद येथून जात असे. त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने जमा होई आणि त्या कागदी हमीवर येथे नोटा छापल्या जात. वस्तू बाहेर जात होत्या व नोटा आत येत होत्या. त्याचा परिणाम धान्याच्या भावांवर झाला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. त्याची कारणे अनेक असली, तरी युद्धाच्या खर्चाने भडकलेली महागाई त्यांत होतीच. शेतमजूर, कारकून, शाळामास्तर, ज्यांचे वेतन ठरलेले होते, त्या सर्वांनी हे युद्धकर्ज न विचारता दिले. ही व्यवस्था देशमुखांनी निर्माण केली नव्हती. ती दिल्ली आणि लंडन येथील सरकारांनी ठरविलेली होती. परंतु ते त्या यंत्राच्या मध्यभागी बसलेले होते, आणि १९४४ साली त्यांना मिळालेला सर हा किताबही त्याच सरकारचा होता. त्यांचे गुणगान करताना हा भाग वगळणे हा त्यांच्यावरही अन्यायच होईल, कारण हिशेबातला एखादा रकाना वगळण्याची सवय त्यांना नव्हती.

त्यांनी जे केले ते असे की, जमा झालेले येणे बुडू दिले नाही. युद्धअखेर ही स्टर्लिंग शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांची झाली होती. भारताचे रक्षण झाले, तेव्हा हे कर्ज काही प्रमाणात सोडून द्यावे, अशी भाषा ब्रिटनमध्ये बोलली जाऊ लागली होती. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. भारताच्या प्रतिनिधिमंडळात सर जेरेमी रेझमन प्रमुख होते. षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि देशमुख हे त्यात होते. परतंत्र देशाच्या या मंडळाने स्टर्लिंगचा प्रश्न जगासमोर मांडला. नाणेनिधीने त्यात लक्ष घालावे ही मागणी मान्य झाली नाही, परंतु हे कर्ज सन्मानाने फेडण्याचे आश्वासन ब्रिटनच्या वतीने केन्स यांना तेथे द्यावे लागले. स्वातंत्र्यानंतर आयातीला आणि योजनांना उपयोगी पडला तो हाच पैसा. वंगातील व खानदेशातील अर्धपोटी माणसांची ती सक्तीची बचत होती.

फाळणी झाली तेव्हा देशाचे दोन तुकडे झाले, पण बँक एकच राहिली. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत व पाकिस्तान या दोन्ही सरकारांची बँक होती. काश्मिरात लढाई चालू असता दोन्ही पक्षांची खाती एकाच कचेरीत सांभाळणे म्हणजे काय, याची कल्पना हिशेबनीसालाच येईल. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी ३० जूनला देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. बँकेत संशोधनाचा विभाग उभा राहिला आणि जानेवारी १९४७ पासून तिचे मासिक निघू लागले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत. ज्या पतपाहणीचा आरंभी उल्लेख केला, ती अशा तयारीवाचून होणे अवघड होते.

जून १९५० मध्ये जॉन मथाई यांच्या जागी ते अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेत आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा २,०६९ कोटींचा; त्याला पैसा पुरविणे हे त्यांचे काम. मृतांच्या संपत्तीवरचा कर १९५३ साली आला, कंपनी कायदा १९५६ साली. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण वटहुकुमाने झाले. बातमी आधी फुटती तर कित्येक कंपन्यांनी पैसा हलविला असता; म्हणून अत्यंत गुप्तता पाळण्यात आली आणि १९ जानेवारीच्या रात्री देशमुखांनी ते आकाशवाणीवरून जाहीर केले. २४५ विमा कंपन्या व संस्था एका निर्णयाने सरकारच्या ताब्यात आल्या.

नेमक्या त्याच आठवड्यात, १६ जानेवारीला, मुंबई शहर केंद्रशासित राहील अशी घोषणा पंतप्रधानांनी केली होती. मुंबईत गोळीबार झाले, माणसे पडली. देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला. तो लगेच स्वीकारला गेला नाही. अंदाजपत्रक त्यांनीच मांडले व संमत करून घेतले. या सहा महिन्यांबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि महाराष्ट्रात ती तीव्र होती. एका बाजूला हुतात्मे, आणि दुसऱ्या बाजूला मंत्री करांचे प्रस्ताव मांडीत आहे, हे दृश्य लोकांना सहन होणे कठीणच. पण ज्याने उभ्या आयुष्यात आर्थिक वर्ष अर्धवट टाकले नाही, त्याची ही रीत होती. जुलैमध्ये लोकसभेत निवेदन करून ते बाहेर पडले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे दोन आक्षेप होते. नेहरूंनी पहिला आक्षेप अमान्य केला. दोघांमधला खरा भेद भाषेचा कमी आणि कारभाराच्या पद्धतीचा अधिक होता, असे म्हणावे लागते. परकीय सरकारच्या चाकरीत जो कधी राजीनामा देता झाला नाही, तो स्वतःच्या सरकारात मात्र देता झाला. याला विसंगती म्हणणारे म्हणोत. चाकराला फक्त हुकूम असतो, मंत्र्याला मत असते. हा फरक त्यांनी ओळखला होता. महाराष्ट्र राज्य झाले ते १ मे १९६० रोजी, मुंबईसह. पश्चिम खानदेशातील काही गावे मात्र तेव्हा गुजरातेकडे गेली.

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले, पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. १९६९ साली स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले आणि तिसऱ्या क्रमांकावर गेले; ही निवडणूक त्यांनी लढविली नसती तर बरे, असे त्यांच्या चाहत्यांनाही वाटले असेल. संस्कृतचा नाद मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. मेघदूताचे मराठी पद्य रूपांतर त्यांनी रिझर्व्ह बँकेत असतानाच, युद्धाच्या धामधुमीत केले होते.

त्यांच्या पहिल्या पत्नी रोझिना १९४९ साली वारल्या. १९५३ साली त्यांचा विवाह नियोजन मंडळातील सहकारी दुर्गाबाई यांच्याशी झाला. पतिपत्नींचे अखेरचे दिवस हैदराबादेत गेले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, चिंतामणराव तेथेच निवर्तले.