मूठभर तांदळाची शाळा

नवे सत्र सुरू झाले की पटावर नावे चढतात. पोरे टिकतातच असे नाही. आम्हां बदलीच्या नोकरदारांस प्रवेशाची तेवढी चिंता. ज्या घरी दुपारची चूल पेटत नाही, त्यांची अडचण निराळी. केरळातील कॅथलिक धर्मगुरू कुरियाकोस एलियास चावरा यांनी ती ओळखली होती.

त्यांचा जन्म १८०५ साली कैनकरी येथे झाला. गावच्या आसानाजवळ, म्हणजे पंतोजीजवळ, त्यांनी अक्षरे गिरविली. १८२९ साली ते धर्मगुरू झाले. १८४६ साली मान्नानम येथे त्यांनी संस्कृत पाठशाळा काढली. पुढे व्हिकार जनरल या अधिकारपदावरून १८६४ साली त्यांनी आज्ञापत्र काढले : प्रत्येक चर्चने आपली शाळा उघडावी. जे उघडणार नाही त्यास दंडाची ताकीदही होती. परिपत्रके काढण्यात आमची हयात गेली. इतके फळलेले परिपत्रक विरळाच.

परंतु हुकमाने शाळा उघडते, पोट भरत नाही. आर्पूक्करा येथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली, तेव्हा दुपारच्या जेवणाचीही तजवीज केली. त्यासाठी ‘पिडियरी’ची रीत होती. रोज भात शिजविण्यापूर्वी गृहिणीने मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे. ते गोळा होऊन मुलांच्या पानात पडत. आपणांस येथे कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड आठवेल. पिडियरी त्याहून अर्धशतकाने जुनी.

३ जानेवारी १८७१ रोजी कूनम्मावू येथे त्यांचे देहावसान झाले. २०१४ साली त्यांस संतपद मिळाले.