मालपेच्या अंजनीबाई

गोमंतकाच्या उत्तर टोकाला, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात पेडणे तालुका वसला आहे. १७८८ पर्यंत हा प्रांत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला. राज्य बदलले तरी गाणे बदलले नाही. देवळांतील उत्सव, भजने आणि दशावतार यांवर पोसलेल्या या भागाने संगीताला थोर माणसे दिली. शेजारच्या डिचोलीजवळ, लामगावी, वझेबुवा येत तेव्हा बालवयातील केसरबाई केरकर त्यांच्यापाशी शिकत. केसरबाईंचे नाव आज घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्याही आधी पेडण्याच्या मालपे गावातून मुंबईस गेलेल्या अंजनीबाई मालपेकर मात्र नव्या पिढीला केवळ नावानेच माहीत असाव्यात, ही खेदाची गोष्ट आहे.

अंजनीबाईंचा जन्म २२ एप्रिल १८८३ रोजी मालपे येथे झाला. घरात गाणे पिढीजात होते. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई या दोघींचेही संगीतात नाव होते. मुलीला पक्की तालीम मिळावी म्हणून वयाच्या आठव्या वर्षी तिला उस्ताद नजीर खाँ यांच्या हाती सोपविण्यात आले. छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे बंधू उत्तरेतील बिजनौरहून मुंबईस येऊन भेंडीबाजाराजवळ राहिले होते. त्या वस्तीचेच नाव त्यांच्या गायकीला पडले. मोकळा आकार, लांबलचक दमसास, एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अलगद नेणारी मींड, मेरुखंडाच्या हिशेबाने होणारी स्वरांची बढत आणि सरगम ही या घराण्याची ओळख. कंठावर जबर ताबा असल्याखेरीज हे गाणे साधत नाही. अंजनीबाईंनी ते आठ वर्षे घोटले आणि १८९९ साली, सोळाव्या वर्षी, त्या प्रथम मैफलीत बसल्या.

नाव व्हायला वेळ लागला नाही. आवाजाइतकीच रूपाचीही कीर्ती पसरली. राजा रविवर्मा यांच्या काही चित्रांमागे अंजनीबाईंचेच रूप आहे, असे सांगतात. परंतु त्या काळी गाणाऱ्या स्त्रीला सौंदर्य हे वरदान थोडे आणि जाच अधिक असे. रसिक म्हणवून घेणारे सगळेच काही गाण्यासाठी येत नसत. गाणे ऐकायचे, दाद द्यायची, पण गाणारीला मान मात्र द्यायचा नाही, ही त्या समाजाची रीत होती.

अशातच १९०४ साली त्यांचा आवाज गेला. गळा हेच जिचे सर्वस्व, तिच्यावर एकविसाव्या वर्षी हा घाला! सुमारे वर्षभराने आवाज परत आला आणि बाई पुन्हा गाऊ लागल्या. पुढली दीड तपे त्यांनी मैफली गाजविल्या. १९२० साली नजीर खाँ निवर्तले. गुरू गेल्यावर बाईंचे मन मैफलीत रमेना. १९२३ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी बैठकीचे गाणे थांबविले.

हे वर्ष ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले ते १९२७ साली. म्हणजे घरोघरी सूर पोचविणारे साधन येण्यापूर्वीच बाई मंचावरून उतरल्या होत्या. नंतरच्या रसिकांना त्यांचे ऐन भरातले गाणे ऐकायला मिळाले नाही, त्याचे कारण हे.

मात्र बाईंनी गाणे सोडले नव्हते. त्यांनी ते शिष्यांच्या हाती दिले. तरुण कुमार गंधर्व मुंबईत देवधरांकडे शिकत असतानाच्या काळात बाईंकडूनही विद्या घेत होते. मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनीही त्यांच्यापाशी मींडेचे मर्म जाणून घेतले. जयपूरच्या तालमीत वाढलेल्या किशोरीताईंच्या आलापीत स्वर जो लांबवर तरंगत जाई, त्यात या शिकवणीचा वाटा होता.

आणखी एक योगायोग मनाला चटका लावतो. कुमारांना क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला आले आणि १९५३ पर्यंत त्यांना मैफल वर्ज्य झाली. किशोरीताईंचाही आवाज तरुणपणी बराच काळ गेला होता. गुरू आणि दोन शिष्य, तिघांनाही मौनाचा वनवास भोगावा लागला आणि तिघेही त्यातून गात बाहेर आले.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीने अंजनीबाईंना रत्नसदस्यत्व दिले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. मैफल सोडून पस्तीस वर्षे झाल्यावर हा सन्मान आला. जो मान गाणाऱ्या स्त्रीला एके काळी नाकारला जाई, तोच आता राष्ट्राने दिला. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

कुमारही १९९२ साली गेले आणि किशोरीताई २०१७ साली. त्या दोघांची ध्वनिमुद्रणे मात्र आपल्यापाशी आहेत. ती ऐकताना एखादी मींड काळजाला भिडली, तर मालपेच्या त्या माउलीचे स्मरण करावे. तेवढे ऋण तरी आपण मानलेच पाहिजे.